दोन धाग्यांचं रक्त

माझ्या मावसबहिणीच्या मुलीला मुलगा झाला. दुसऱ्याच दिवशी बाळाचे डोळे पिवळे दिसू लागले, तिसऱ्या दिवशी कावीळ इतकी वाढली की त्याला निळ्या दिव्याखाली ठेवावं लागलं. रक्त तपासलं आणि अहवालात एक नाव आलं : जी६पीडी कमतरता, म्हणजे लाल पेशींना जपणारं एक विकर कमी. बाळ वेळेत सावरलं, आता दूध पितं, हसतं. पण बाळंतीण मात्र खचली. सासरी कुणीतरी तिच्या तोंडावर म्हटलं, "आईकडून आलं."

त्या रविवारी मी वर्ध्याला मामांकडे गेले होते. मामांचं वय ऐंशीच्या घरात. सारी नोकरी कुष्ठरोगाच्या कामात गेली. सायकलवर पिशवी अडकवून गावोगाव गोळ्या पोचवणारा माणूस. आजही संध्याकाळी पेटीचरखा उघडून तासभर सूत काततात. मी वैद्यकीय महाविद्यालयात पॅथॉलॉजी शिकवते. आमचं पटतं खूप, पण एकमत क्वचित होतं. त्या दिवशी तर तीन तास झालं नाही. ते बोलणं मी इथं जमेल तसं उतरवून काढते आहे, कारण ज्या एका शब्दावरून आम्ही भांडलो, तो शब्द विदर्भातल्या हजारो घरांत रोज वापरला जातो : वाहक.

मामा : तू तिला फोन कर अन् सांग, रडू नको. तू नुसती वाहक आहेस. तुझ्या अंगात काही रोग नाही. पोराला जपायचं, बस. सिकलसेलच्या एएस बाईला आपण हेच सांगत आलो ना?

मी : हेच सांगायचं नाहीये मला, मामा. सिकलसेलची वाहक आणि जी६पीडीची वाहक, या दोन बायका सारख्या नाहीत. आपण एकच शब्द दोघींना लावतो आणि दुसरीवर अन्याय करतो.

मामा : शब्दानं काय होते? एक जनुक चांगलं, एक बिघडलेलं. चांगलं काम सांभाळते. तिकडंही तसंच, इकडंही तसंच.

मी : तुमचा चरखा समोर आहे, त्यावरच बोलू. समजा तुमच्याकडे दोन प्रकारचा कापूस आहे, एक पांढरा, एक तांबूस. दोन्ही एकत्र पिंजून पेळू केले, तर सूत कसं निघेल?

मामा : सगळं एकसारखं. फिक्कट तांबूस.

मी : आणि पांढऱ्याचे पेळू वेगळे, तांबूस कापसाचे वेगळे केले, दोन्हीचं सूत कातलं आणि मग एका थानात विणलं तर?

मामा : मग प्रत्येक धागा एकतर पांढरा, नाहीतर तांबूस. लांबून पाहिलं तर फिक्कट तांबूसच दिसन, पण जवळून पाहिलं तर दोन धागे.

मी : सिकलसेलची एएस बाई म्हणजे पहिलं सूत. ते जनुक अकराव्या गुणसूत्रावर असतं. आईकडून आलेली प्रत आणि बापाकडून आलेली प्रत, दोन्ही प्रत्येक पेशीत काम करतात. म्हणून तिच्या एकूण एक लाल पेशीत दोन्ही प्रकारचं हिमोग्लोबिन असतं, आणि चांगलं जास्त असल्यामुळे पेशी सहसा वाकडी होत नाही. म्हणूनच इलेक्ट्रोफोरेसिसच्या पट्टीवर तिचे दोन पट्टे दिसतात. जी६पीडीचं जनुक मात्र एक्स गुणसूत्रावर आहे, आणि ही बाई म्हणजे तुमचं दुसरं थान. तिची प्रत्येक लाल पेशी एकतर पूर्ण धडधाकट, नाहीतर पूर्ण कमकुवत. मधली पेशी नसतेच.

मामांनी चरखा थांबवला. हा फरक त्यांना कुणी कधी सांगितला नव्हता, आणि खरं सांगायचं तर आम्ही विद्यार्थ्यांनाही तो परीक्षेपुरताच सांगतो.

मामा : असं काहून? एक्समध्ये असं काय वेगळं आहे?

मी : हिशोबाचा प्रश्न आहे. बाईकडे एक्स दोन, पुरुषाकडे एक. एक्स हे मोठं गुणसूत्र, सुमारे साडेपंधरा कोटी अक्षरांचं, त्यावर प्रथिनं बनवणारी आठशेच्या वर जनुकं. पुरुषाचं वाय त्याच्यापुढं अगदी लहान. दोन्ही एक्स पूर्ण जोरात चालले तर बाईच्या पेशीत त्या आठशे वस्तूंचा माल दुप्पट होईल. तो हिशोब सस्तन प्राण्यांत असा जुळवला जातो की मादीच्या प्रत्येक पेशीत एक एक्स मिटवून ठेवला जातो. गर्भ आईच्या कुशीत रुजत असतो, त्या पहिल्या एकदोन आठवड्यांतच हे होतं. त्या वेळच्या प्रत्येक पेशीत निवड आपापली : या पेशीत आईकडचा एक्स मिटला, शेजारच्या पेशीत बापाकडचा. आणि एकदा मिटला की त्या पेशीच्या पोटी येणाऱ्या साऱ्या पेशींत तोच मिटलेला राहतो, मरेपर्यंत.

मामा : म्हणजे निसर्गानंही बाईचं एक तोंड बंदच केलं म्हणायचं. घरात बोलू द्यायचं नाही, अन् पेशीतही नाही.

मामा हे टोचून म्हणत नव्हते. आयुष्यभर आजारी बायकांना घराबाहेरच्या छपरीत झोपवलेलं त्यांनी पाहिलं आहे. तरी मला ते पटलं नाही.

मी : नाही, मामा. बाहेरून कुणी येऊन तोंड दाबत नाही. जो एक्स मिटायचा असतो, तो स्वतःच एक लांब आरएनए तयार करतो. त्याच्या जनुकाचं नाव एक्सआयएसटी, उच्चार 'एक्झिस्ट'. १९९१ साली ते सापडलं. बहुतेक जनुकांच्या आरएनएपासून प्रथिन बनतं. याच्यापासून काहीच बनत नाही. ती सतरा-एकोणीस हजार अक्षरांची दोरी ज्या गुणसूत्रावर तयार झाली त्याच्याच अंगावर पसरते, घरभर पोतेरं फिरवावं तशी. मग ती इतर प्रथिनांना बोलावते. ती प्रथिनं जनुकांचं वाचन थांबवतात, डीएनए ज्या रिळांवर गुंडाळलेला असतो त्या रिळांच्या खुणा बदलतात, शेवटी डीएनएवरच रासायनिक कुलपं बसतात. गुणसूत्र आखडून केंद्रकाच्या कडेला एक ठिपका होऊन बसतं. आणि ते सगळंही गप्प होत नाही. माणसात त्या मिटलेल्या एक्सवरची १५ ते २५ टक्के जनुकं बोलतच राहतात. ती लागतात म्हणूनच. ज्या मुलीला जन्मतः एकच एक्स असतो, तिची उंची खुंटते, बीजकोश टिकत नाहीत. दुसरा एक्स निव्वळ गप्प असता तर तिला काहीच उणं पडलं नसतं.

मामा : तो ठिपका दिसतो?

मी : दिसतो. गालाच्या आतून हलकेच खरवडून घेतलेल्या पेशीत रंग टाकला की दिसतो. स्त्रीच्या काही पांढऱ्या पेशींच्या केंद्रकाला ढोलाच्या काठीसारखा एक लहानसा गोळा लोंबतो, तोही तोच. सिकलसेल पाहायला काढलेल्या काचेवरही तो सापडतो, पण आपण लाल पेशी शोधत असतो, म्हणून नजर तिकडे जात नाही. १९४९ साली कॅनडात मरी बार आणि त्यांचा विद्यार्थी बर्ट्रम मांजरांच्या मेंदूच्या पेशी पाहत होते. काही मांजरांत हा ठिपका होता, काहींत नव्हता. नोंदवही उलटसुलट पाहिल्यावर कळलं की ठिपका असलेल्या सगळ्या माद्या.

मामा : मग ही बाई ओळखायची पक्की खूणच झाली की!

मी : तसंच जगाला वाटलं, आणि फार माणसं दुखावली गेली. १९६८च्या मेक्सिको ऑलिंपिकपासून महिला खेळाडूंच्या गालाच्या पेशी तपासू लागले : ठिपका असेल तर बाई, नसेल तर बाहेर. १९८५ साली स्पेनची अडथळ्यांची धावपटू मारिया होसे मार्तीनेस-पातिन्यो या तपासणीत अडकली. जन्मापासून मुलगी म्हणून वाढलेली, पण गुणसूत्रं एक्सवाय. तिच्या शरीराला पुरुषी संप्रेरकाचा उपयोगच होत नव्हता. तिचं नाव वर्तमानपत्रांत आलं, पदकं आणि शिष्यवृत्ती गेली. ती लढली आणि परत आली. ऑलिंपिक समितीनं सरसकट तपासणी १९९९ साली सोडली. एका ठिपक्याला 'हो की नाही' विचारलं की असं होतं.

हे मी ओघात सांगून गेले, पण आमच्या भांडणाचा गाभा इथंच होता. मामांना 'हो की नाही' हवं होतं. का हवं होतं, तेही त्यांनी सांगितलं, आणि ते ऐकून मलाही थांबावं लागलं.

मामा : तू प्रयोगशाळेत बसून बोलून राहिली. मी गावात उभा होतो. १९५१ साली गांधी स्मारक कुष्ठरोग निवारण प्रतिष्ठान सुरू झालं, त्याचं ठाणं इथं वर्ध्यात. डॉक्टर वार्देकरांनी सेवाग्रामच्या आजूबाजूच्या गावांत नवी रीत घातली : रोगी दवाखान्यात येईल म्हणून वाट नाही पाहायची, आपण घरोघर जायचं. सर्वेक्षण, शिक्षण, उपचार. त्याच्या आधी १९३६ मध्ये मनोहरजी दिवाणांनी दत्तपूरला रोग्यांचं घर उभं केलं होतं. सेवाग्रामला बापूंनी कुष्ठरोग झालेल्या परचुरे शास्त्र्यांच्या जखमा स्वतःच्या हातानं धुतल्या. ते सगळं सेवेचं काम होतं, पण रोग थांबवणारं हत्यार नव्हतं. ते डीडीएसच्या गोळीनं दिलं. डॅप्सोन. स्वस्त, तोंडानं घ्यायची, पाठवायला सोपी. आमच्यासारख्या कमी शिकलेल्या माणसाच्या हाती ती दिली, अन् देशानं १९५५ पासून त्याच धर्तीवर कार्यक्रम चालवला. सोपा नियम होता म्हणून चालला. तू म्हणतेस तसं प्रत्येक बाईचं रक्त आधी तपासा, आकडा काढा, मग गोळी द्या, असं असतं तर? गोळी वर्ष वर्ष उशिरा पोचली असती, तोवर बोटं गळली असती.

मी : हे मी मान्यच करते. पण तीच डॅप्सोन जी६पीडी कमी असलेल्या माणसाच्या लाल पेशी फोडते, हे तुम्हाला माहीत होतं?

मामा : ऐकलं होतं. फार उशिरा. प्रशिक्षणात एका ओळीत.

मी : जी६पीडी हे लाल पेशीचं गंजरोधक समजा. पेशी दिवसभर ऑक्सिजन वाहते, म्हणून ती सतत गंजायला टेकलेली असते. हे विकर तिला वाचवतं. ते कमी असेल तर एरवी माणूस ठणठणीत राहतो, शेतात राबतो, त्याला कळतही नाही. पण डॅप्सोन घेतली, हिवतापाची प्रायमाक्विन घेतली की गंज वाढतो आणि पेशी फुटू लागतात. चेहरा पांढराफटक, डोळे पिवळे, लघवी कोऱ्या चहासारखी. आपल्याकडे ट्रंकेत साड्यांमध्ये डांबराच्या गोळ्या टाकतात ना, त्यांनीही हे होतं. बाळंतिणीच्या घरी आजीची मऊ जुनी साडी काढतात, बाळाचं दुपटं करतात. त्या साडीला वर्षानुवर्षं डांबरगोळीचा वास मुरलेला असतो. अशा बाळाला ते दुपटंही धोक्याचं.

मामा : अन् वाल? त्या पोरीला कुणीतरी वाल खाऊ नको म्हणून सांगितलं.

मी : तो घोळ आहे. ज्या शेंगेनं हा त्रास होतो ती बाकला, भूमध्य समुद्राकडची मोठी शेंग. आपले वाल हे वेगळं झाड. लोक नावावरून गोंधळतात आणि बाळंतिणीच्या ताटातून आणखी एक पदार्थ कमी होतो.

थोडा वेळ मामा काही बोलले नाहीत. मग त्यांनी जे सांगितलं, ते मी पहिल्यांदाच ऐकत होते.

मामा : आर्वी तालुक्यातल्या एका गावात एक बाई होती. पस्तिशीची असन. हातावर चट्टे. गोळ्या सुरू केल्या अन् महिन्याभरात ती पांढरी पडली. चालताना धाप. मी युनिटवर येऊन सांगितलं. तिकडून उत्तर आलं, बाई आहे, रक्त कमीच असणार, लोहाच्या गोळ्या द्या. दिल्या. डीडीएसही सुरूच ठेवली. पुढच्या फेरीला तिनं दार लावून घेतलं. आम्ही कागदावर लिहिलं : रोगी उपचार नाकारतो.

मी : तिच्या रक्तात काय होतं, ते आज कुणी सांगू शकणार नाही, मामा. खरंच नुसता अशक्तपणा असेल. महाराष्ट्रात आजही पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांचं रक्त कमी आहे. जंत असतील, दुसरं काही असेल.

मामा : असन. पण तिच्या जागी पुरुष असता तर आम्ही विचारलं असतं, याला काय झालं म्हणून. बाई होती म्हणून विचारलं नाही.

मी : म्हणूनच मला 'वाहक' हा शब्द डाचतो. पुरुषाला एकच एक्स. त्यावरचं जनुक बिघडलेलं असेल तर त्याची प्रत्येक लाल पेशी कमकुवत. पुस्तकात त्याला 'रुग्ण' लिहिलं जातं. बाईला 'वाहक' लिहिलं जातं, म्हणजे मुलापर्यंत ओझं पोचवणारी. तिचं स्वतःचं रक्त कुणी विचारातच घेत नाही. पण तिच्या रक्तात निम्म्या पेशी त्या पुरुषाइतक्याच कमकुवत असू शकतात. तिचं हिमोग्लोबिन आधीच नऊ असेल आणि औषधानं त्यातल्या निम्म्या पेशी फुटल्या, तर ती कुठं जाईल?

मामा : असू शकतात म्हणतेस. म्हणजे नक्की किती, ते नाही?

मी : तीच तर गंमत आणि तोच त्रास. रुपया काढा. दहा वेळा उडवा. पाच छाप, पाच काटा, असं चारातून एकदाच पडतं. बाकी वेळा सहा-चार, सात-तीन, क्वचित नऊ-एक. गर्भात ही निवड होते तेव्हा पुढं रक्त बनवणाऱ्या पेशी मोजक्याच असतात. म्हणून कुणा बाईच्या रक्तात वीस टक्के पेशी कमकुवत, कुणाच्या ऐंशी टक्के. सख्ख्या दोन बहिणी, जनुक तेच, आईबाप तेच, आणि एकीला गोळी पचते, दुसरीला दवाखान्यात न्यावं लागतं. हिमोफिलियातही असंच : एका बहिणीला बाळंतपणात जास्त रक्त जातं, दुसरीला कधी काही नाही. जुळ्या, अगदी एकसारख्या दिसणाऱ्या मुलींतही हे वेगळं पडतं. आणि वय वाढतं तसं रक्तातलं हे प्रमाण आणखी एका बाजूला कलंडू शकतं.

मामांच्या अंगणात एक तीनरंगी मांजरी येते. पांढरी, त्यावर काळे आणि नारिंगी ठसे. बोलता बोलता ती ओट्यावर येऊन बसली, आणि मला आयतं उदाहरण मिळालं. मांजराचा नारिंगी रंग एक्सवर असतो. मांजरीच्या एका एक्सवर नारिंगी, दुसऱ्यावर नाही; ज्या कातडीच्या तुकड्यात एक मिटला तिथं काळा, दुसरा मिटला तिथं नारिंगी. पांढरा रंग दुसऱ्याच जनुकाचा. म्हणून असं मांजर जवळजवळ नेहमी मादीच असतं. हा नारिंगी नेमका कशामुळे, ते मात्र २०२५ साली कुठं छापून आलं : एक्सवरचा सुमारे पाच हजार अक्षरांचा एक तुकडा गळालेला. मामांनी मांजरीच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "म्हणजे बाईच्या आतही असेच ठसे. फक्त दिसत नाहीत." याहून नेमकं मी वर्गात कधी सांगितलेलं नाही.

हा विचार मुळात उंदरांच्या ठिपक्यांवरून आला. इंग्लंडमध्ये हारवेल इथं मेरी लायन उंदरांच्या कातडीचे रंग अभ्यासत होत्या. १९६१ साली 'नेचर'मध्ये त्यांनी एक छोटं टिपण लिहिलं : मादीच्या प्रत्येक पेशीत एक एक्स मिटतो, कोणता ते त्या त्या पेशीत ठरतं, आणि पुढच्या पेशींत तेच चालतं. उंदरांत ठीक, पण माणसात काय? तो पुरावा जी६पीडीनंच दिला. १९५६ साली अमेरिकेत प्रायमाक्विननं रक्त फुटणाऱ्या माणसांत हे विकर कमी असल्याचं सापडलं; ते प्रयोग इलिनॉय राज्यातल्या एका तुरुंगातल्या कैद्यांवर झाले होते, हे विसरू नये. मग १९६२ साली अर्नेस्ट बॉयटलर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की 'वाहक' बाईचं रक्त हे मधल्या ताकदीच्या पेशींचं नसून दोन वेगळ्या पेशींचं मिश्रण आहे. १९६३ साली अशा बायकांच्या कातडीची एकेक पेशी वेगळी वाढवून तेच सिद्ध झालं. ज्या वर्षांत सेवाग्रामच्या गावांत डीडीएस वाटली जात होती, त्याच वर्षांत. आपल्या महाराष्ट्रात मुंबईच्या संशोधकांनी पारशी समाजातली ही कमतरता त्याच सुमारास नोंदवली. भारतात आढळणाऱ्या तीन मुख्य प्रकारांपैकी एकाच्या नावात तर आपलं कल्याण आहे : केरळ-कल्याण. बाकीचे दोन, भूमध्य आणि ओरिसा.

मामा : पण तपासणी आहे ना? ते चमकणाऱ्या ठिपक्याची. कमी असेल तर कळेलच.

मी : पुरुषात कळतं. कागदावर रक्ताचा थेंब टाकून विशिष्ट प्रकाशात पाहतात : चमकला तर नॉर्मल, नाही चमकला तर कमी. ही तपासणी ढोबळमानानं तीस टक्क्यांच्या खालचं विकर पकडते. पुरुषाचं सगळं रक्त एका जातीच्या पेशींचं, म्हणून त्याला 'हो की नाही' पुरतं. बाईच्या थेंबात दोन्ही पेशी एकत्र. चांगल्या पेशी चमकतात आणि थेंब 'नॉर्मल' ठरतो. तीस ते सत्तर टक्क्यांमधली बाई अशी हातातून निसटते. तुम्हीच म्हणालात ना, लांबून पाहिलं तर फिक्कट तांबूसच दिसतं? ती तपासणी लांबून पाहणारी आहे. बाईसाठी विकर मोजणारी तपासणी हवी, जी आकडा देते. हिवतापावरचं टॅफेनोक्विन हे नवं औषध २०१८ साली अमेरिकेत मान्य झालं. त्याचा एक डोस अंगात बरेच दिवस राहतो, काढून घेता येत नाही. म्हणून त्याच्याआधी सत्तर टक्क्यांच्या वरचा आकडा मागतात. ती अट मुख्यतः बायकांच्या जिवासाठी आहे.

मामा : ठीक. आकडा काढा. मग तो कागदावर येईल, कागद घरात येईल, घरातून सोयरिकीत जाईल. सिकलसेलच्या एएस पॅटर्नवरून किती लग्नं मोडली, मला विचार. मुलाचं कार्ड कुणी पाहत नाही, मुलीचं पाहतात. तू आणखी एक शिक्का देऊन राहिली पोरींना. माझं ऐक, 'वाहक' म्हण अन् सोडून दे. निदान तिला रोगी तर म्हणत नाही कुणी.

या मुद्द्यावर मी त्यांना हरवू शकले नाही, आणि आजही मला वाटतं की त्यांची भीती खरी आहे. १ जुलै २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान चालू आहे, कार्डं वाटली जात आहेत. कार्ड जीव वाचवतं आणि कार्ड सोयरीकही मोडतं. तरी मी माझं म्हणणं सोडलं नाही.

मी : न सांगण्यानं शिक्का टळत नाही, मामा. त्या पोरीला कुणी आकडा दिला नाही, तरी शिक्का लागलाच की. "आईकडून आलं." मुलाला एक्स आईकडूनच मिळतो, हे खरं. बापानं वाय दिला, म्हणून तर मुलगा झाला. पण आईकडे तो कुठून आला? तिच्या आईकडून किंवा तिच्या बापाकडून. एखाद्या आजोबाला ही कमतरता असेल, तर त्याच्या प्रत्येक मुलीकडे तो एक्स जातोच, आणि मुलाकडे एकाकडेही जात नाही. ऐंशी वर्षं धडधाकट जगलेल्या माणसाकडून आलेली गोष्ट, आणि बोल कुणाला? बाळंतिणीला. हे घरात नीट सांगितलं तर बोल कमी होईल. 'वाहक' म्हटल्यानं तो वाढतो. वाहून आणणारी तीच, असाच त्याचा अर्थ लोक घेतात.

मामा : मग काय म्हणायचं?

मी : मला नेमका शब्द सापडलेला नाही. पुस्तकी शब्द 'विषमयुग्मजी' आहे, तो गावात चालणार नाही. मी तिला सांगणार आहे : तुझ्या रक्तात दोन प्रकारच्या पेशी आहेत. किती चांगल्या, किती नाजूक, ते मोजून घेऊ. तेवढ्यापुरतं तू स्वतःलाही जपायचं आहेस, बाळाइतकंच.

मामा : दोन धाग्यांची. असं म्हण. बाईला कळेल.

दिवेलागण झाली होती. मामींनी चहा आणला. मामा एका गोष्टीवर शेवटपर्यंत अडून राहिले : कुष्ठरोगाची गोळी तपासणीसाठी एक दिवसही अडवायची नाही. मीही अडवा म्हणत नाही. बहुतेकांना ती सोसते, आणि रक्त फुटू लागलं तरी गोळी थांबवली की नव्या पेशी येऊन माणूस सावरतो. वेळेत ओळखायला मात्र हवं. त्यावर मामा म्हणाले, मग गोळी देणाऱ्यानं प्रत्येकाला, बाईला आधी, लघवीचा रंग विचारला पाहिजे. त्यांच्या पिशवीत रोग्याला द्यायच्या सूचनांचा कागद होता, त्यावर ही ओळ नव्हती. एवढं बोलून ते पुन्हा सूत कातू लागले.

घरी येऊन मी त्या मुलीला फोन केला. बाळ दीड महिन्याचं झाल्यावर ती वर्ध्याला आली, तिचं रक्त दिलं. विकराचा आकडा नेहमीच्या जवळपास निम्मा आला. ज्या चमकणाऱ्या ठिपक्याच्या तपासणीत ती आधी 'नॉर्मल' ठरली होती, तो अहवाल तिच्या फाइलमध्ये अजून तसाच आहे.

वाचकांना एवढंच सांगणं आहे. तुमच्या घरात जी६पीडी कमतरतेचा मुलगा असेल तर त्याच्या आईची, बहिणींची आणि मावश्यांची तपासणी करून घ्या, आणि अहवाल 'नॉर्मल' या शब्दात न घेता आकड्यात मागा. नुकतंच रक्त फुटून गेलं असेल तर तपासणी लगेच करू नका : नाजूक पेशी आधीच नष्ट झालेल्या असतात, नव्या कोवळ्या पेशींत विकर जास्त असतं आणि आकडा फसवा चांगला येतो, तीन महिने थांबा, तोवर कमतरता आहे असंच धरून चाला. हिवतापाची किंवा कुष्ठरोगाची गोळी सुरू असताना घरातल्या कुणाची लघवी कोऱ्या चहासारखी झाली, तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठा, मग तो मुलगा असो की मुलगी. आणि बाळाचं दुपटं शिवायला काढलेल्या साडीला डांबरगोळीचा वास असेल, तर ती साडी बाळासाठी वापरू नका.